कार्यप्रणाली, संगणकाची : गोंदिया जिल्ह्यातील व्यवहार

संगणकाच्या यंत्रभागावर अंमल ठेवून त्याची स्मृती, संचिका, कळफलक, मुद्रक आणि त्यावर चालणाऱ्या इतर सर्व आज्ञावल्या यांची व्यवस्था लावणारी मूळ आज्ञावली. लोकांच्या तोंडी ‘ऑपरेटिंग सिस्टीम’. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निराळ्या झालेल्या, आठ तालुक्यांच्या व भातगिरण्यांच्या गोंदिया जिल्ह्यात विंडोज आणि लिनक्स या दोहोंचाच विचार मुख्यतः करावा लागतो. मॅकओएस ही तिसरी प्रणाली आयफोनसाठी आज्ञावली रचणाऱ्यास अपरिहार्य खरी. परंतु तिच्या यंत्राची किंमत पाहता धानउत्पादकाच्या मुलास ती सुचविण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही.

दैनंदिन व्यवहारात विंडोजचे आसन स्थिर आहे, आणि त्याचे कारण तिच्या अंगभूत गुणांपेक्षा शिरस्त्यात अधिक सापडते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणकशिक्षण नेले, ते प्राधान्याने विंडोजच्याच परिचयाने. आणि गिरणीच्या गादीवर बसून धानाची आवक, तांदळाची जावक व कोंड्याची विक्री टॅलीत उतरविणाऱ्या दिवाणजीस, ती आज्ञावलीच विंडोजसाठी घडविलेली असल्याने, दुसरा विचार करण्याचे प्रयोजन उरत नाही.

याहून खोल भेद लिपीने निर्माण केला. बालाघाट व राजनांदगाव या हिंदी मुलखांना लागून असलेल्या प्रदेशात कृतिदेवासारखे जुने टंक रुळले, ज्यांत देवनागरी अक्षर हे केवळ रोमन अक्षरावर चढविलेले सोंग असते. अशा टंकात लिहिलेला ‘गोंदिया’ हा शब्द, तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडताच, एक्स, के, एस, ए, एफ, एन, मग एक अर्धविराम आणि शेवटी पुन्हा के, अशा निरर्थक रांगेत उभा राहतो. आणि मसुदा नष्ट झाला असे समजून कारकून घाबरतो, वस्तुतः नष्ट झालेला असतो तो केवळ वेश. या जुन्या दस्तऐवजांच्या ढिगामुळेच लिनक्सकडे वळू पाहणारी अनेक दप्तरे मागे फिरतात. युनिकोडने हा पेच मुळातूनच सोडविला. विंडोज २००० पासून देवनागरीचा युनिकोड त्या प्रणालीतही आला, आणि इन्स्क्रिप्ट कळफलक आज दोन्हींत सारखाच चालतो. मराठीपुरती एक खूण मात्र तपासून घ्यावी : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द टंकून पाहावेत, समुद्र व डोंगरदऱ्या यांत भेद न राखणारा टंक, तो कोणत्याही प्रणालीवर असो, मराठी दप्तरास निरुपयोगी समजावा.

आज्ञावलीलेखनात पारडे फिरते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी आरंभिलेल्या युनिक्सची परंपरा पुढे चालवीत, हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्सचा गाभा आज इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हरांवर आणि प्रत्येक अँड्रॉइड भ्रमणध्वनीत आहे; म्हणजे लिनक्स आपण पाहिलेच नाही असे म्हणणाऱ्या सालेकशाच्या शेतकऱ्याच्या खिशातही बहुधा तेच असते. विद्यार्थी अडतो तो क्षुल्लक जागी. चित्राच्या संचिकेचे नाव मोठ्या रोमन ‘डी’ने आरंभावे आणि आज्ञावलीत तेच लहान ‘डी’ने लिहावे, तर विंडोज सहसा कानाडोळा करते, सर्व्हरवरील लिनक्स त्या दोहोंस भिन्न नावे मानून चित्र देण्यास साफ नकार देते. म्हणून जेथे आज्ञावली शेवटी नांदावयाची, तेथल्याच हवेत ती वाढवावी. २०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालविण्याची सोय झाल्याने हा वाद बराच मवाळ झाला आहे, मात्र त्यास स्मृती मुबलक हवी.

विंडोज १० ला मिळणाऱ्या सुधारणांची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ च्या अटींत पुष्कळ जुनी यंत्रे बसत नाहीत. दिवाणजीच्या यंत्रावर विंडोजच असू द्यावे; घरातले जुने यंत्र मात्र भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्सवरच उभारलेली उबुंटू किंवा सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ प्रणाली पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, एकवार चालवून पाहावी, आणि मुद्रक व वाय-फाय रुजू झाले तरच, आपल्या कागदांची नक्कल दुसरीकडे काढून ठेवल्यावर, ती कायम करावी.