साखरेतून शक्ती : प्रस्तावना

यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून एडुआर्ड बुखनर यांनी त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी उरली नव्हती. रस टिकावा म्हणून साखर घातली, तर बुडबुडे येऊ लागले. किण्वन सुरू झाले होते. किण्वनाला जिवंत पेशीच लागते, हे पाश्चर यांचे मत तेव्हा प्रबळ होते. 1897 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने ते मोडले. पेशीतली घडामोड आता परीक्षानळीत पाहता येणार होती. या विषयात नव्याने येणाऱ्याने इथूनच आत यावे.

विद्यार्थी बहुधा दुसऱ्याच टोकाने येतात. ग्लुकोज-विघटनाच्या दहा पायऱ्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. दोष त्यांचा नाही. पायऱ्यांमागचा प्रश्नच त्यांना कोणी सांगितलेला नसतो. साखर जाळली तर तिची ऊर्जा उष्णता होऊन निसटते, आणि नुसत्या उष्णतेवर पेशीचे काम चालत नाही. मग ती ऊर्जा धरून ठेवायची कशी?

धागा सापडला तो फॉस्फेटमध्ये. मंदावलेल्या यीस्टच्या रसात फॉस्फेट घातले की किण्वन पुन्हा जोर धरते आणि ते फॉस्फेट साखरेलाच जोडले जाते, हे लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवले. जिवंत पेशीत हे फॉस्फेट एटीपी या ऊर्जा धरून ठेवणाऱ्या रेणूकडून येते. कणगीतले धान्य पेरणीसाठी काढावे, तशी पेशी ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूमागे आधी दोन एटीपी खर्च करते. मग चार मिळवते. निव्वळ हाती दोनच. पण त्यांना ऑक्सिजन लागत नाही, म्हणून जिवाच्या आकांताने धावणाऱ्याचे स्नायू त्यांच्यावर भिस्त ठेवतात.

हे एटीपी 1929 मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना स्वतंत्रपणे सापडले. सुब्बारावांचे नाव आपल्या मुलांना पाठ असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पुढची वाट पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) जाते : हान्स क्रेब्ज यांचे चक्र (1937), पटलापार वाहणाऱ्या प्रोटॉनांच्या जोरावर एटीपी बनते ही पीटर मिचेल यांची कल्पना (1961). जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे 38 एटीपी लिहिलेले आढळतील; आज 30 ते 32 मानतात, कारण तंतुकणिकेच्या पटलातून काही प्रोटॉन झिरपतात आणि काही वाहतुकीवर खर्ची पडतात.

आकडे असे बदलतात, प्रश्नही उरतात. कर्करोगाच्या अनेक पेशी ऑक्सिजन मुबलक असतानाही साखर अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल का बनवतात? ऑटो वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकात टिपलेल्या या वर्तनाच्या कारणांवर संशोधक आजही वाद घालतात. त्या वादात नव्या वाचकालाही जागा आहे.