आमर संशोधन, चेन्नई

आमर (ऑर्किड) कुलातील वनस्पतींच्या अभ्यासाचे चेन्नई हे जुने केंद्र. शहराची उष्ण, सपाट किनारपट्टी आमरांना फारशी मानवत नाही; नमुने येत ते निलगिरी, पळणी आणि घाटांतून. कंपनी सरकारचे सर्जन रॉबर्ट वाइट यांनी मद्रासमधून १८३८–५३ या काळात ‘आयकोनेस प्लांटारम इंडी ओरिएन्टालिस’ हा सहा खंडांचा चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या दोन हजारांहून अधिक चित्रांत आमरे पुष्कळ आहेत. चित्रे मुख्यतः रंगय्या आणि गोविंदू या देशी चित्रकारांची. वाइट यांनी एका आमर प्रजातीला ‘गोविंदूइया’ हे नाव दिले. आज ती ‘ट्रॉपिडिया’त समाविष्ट आहे. देशी चित्रकाराला असा मान त्या काळी क्वचितच मिळे.

विसाव्या शतकात अभ्यासाचा रोख फुलाच्या आत वळला. प्रेसिडेन्सी कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य आणि कन्नडमधील नामवंत लेखक बी. जी. एल. स्वामी (१९१८–८०) यांचे आमरांच्या भ्रूणविज्ञानावरील लेख १९४९ मध्ये, ते मद्रासला येण्यापूर्वी, प्रसिद्ध झाले होते.

आमरात पराग सुटे नसून त्यांचे पुंज बनतात व ते चिकट तळाने कीटकाला चिकटतात. परागण झाले तरी बीजके बहुधा अपक्वच असतात. त्यानंतरच ती वाढू लागतात, म्हणून फलन आठवड्यांनी, कधी महिन्यांनी होते. बीजात पुष्क (भ्रूणाला पोषण देणारा अन्नसाठा) जवळजवळ नसतो. धुळीएवढे हे बी विशिष्ट कवकाच्या साहाय्यावाचून निसर्गात रुजत नाही. फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस या आमराचा जीनोम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर फुलाच्या रचनेमागील जनुकांचा शोध सोपा झाला.