दहापैकी सहा

३४ आणि ३५ या दोन आकड्यांत आम्हा शिक्षकांना जेवढे अंतर दिसते, तेवढे नरडाण्याहून सुरतेला जाणाऱ्या गाडीतही काटावे लागत नाही. ३५ गुणांचा मुलगा पेढे वाटतो. ३४ चा मागच्या दाराने घरात शिरतो. हाच तराजू व्हिडिओ गेमलाही लावतात, आणि तेथेही एका गुणावाचून माणसे नाडली जातात. त्या गुणदानाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि परीक्षकाने दोन घटका विचार करावा असाही आहे.

या कामाची सुरुवात हौशी मंडळींनीच केली. १९७९ साली अमेरिकेतील ‘व्हिडिओ’ मासिकात बिल कुंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी या खेळांच्या परीक्षणाचे सदर चालू केले. दोघेही विज्ञानकथांच्या चाहत्यांनी काढलेल्या हौशी पत्रिकांतून पुढे आलेले. १९८१ मध्ये जॉइस वर्ली यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे स्वतंत्र मासिक काढले. गरजही तशीच होती. खेळ महाग, खोक्यावरचे चित्र मोहक, आणि आतला माल पुष्कळदा पोकळ! १९८२ च्या नाताळासाठी अटारी कंपनीने ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ सुमारे पाच आठवड्यांत उरकून बाजारात आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतला हा सारा बाजार कोसळला, आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे जमिनीत पुरावा लागला. २०१४ साली ती जागा उकरली, तेव्हा ‘ई.टी.’ खरोखरच हाती लागला. अशा बाजारात बापाने खिशात हात घालण्यापूर्वी कोणा जाणत्याला विचारावे, यात नवल ते काय?

पण जाणत्याचे चार शब्द वाचायलाही सवड लागते; आकडा मात्र एका दृष्टिक्षेपात कळतो. जपानात १९८६ साली निघालेल्या ‘फामित्सू’ने चार परीक्षक बसवले. प्रत्येकाचे गुण दहा, एकूण चाळीस. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा पडायला १९९८ साल उजाडले. तो मान ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ऑकारिना ऑफ टाइम’ या खेळाला मिळाला. पुढे २००१ मध्ये ‘मेटाक्रिटिक’ने निरनिराळ्या परीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी मांडायला आरंभ केला. खेळ करणाऱ्यांचे पैसेही मग त्या सरासरीला बांधले जाऊ लागले. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा खेळ २०१० साली आला. सरासरी ८५ आली, तर तो रचणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बक्षिसी मिळायची होती. सरासरी आली ८४! ही हकिकत त्या कंपनीच्या ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीर केली. आमच्याकडे निदान वाढीव गुण देऊन मुलाला पुढे ढकलतात. तेथे तीही सोय नव्हती.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ करायला घेतला. २०१७ साली लोकांकडे वर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. तरीही मंडळींनी नेट सोडला नाही, आणि २०२० मध्ये खेळ जगापुढे आला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी, तिच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ, आणि बाहुल्यांच्या छायाखेळातून उलगडणारी कथा. पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याला जागतिक पुरस्काराचे नामांकनही मिळाले. परीक्षकांनी चित्रकलेची वाखाणणी केली, पण लढाई तीच ती आणि शेवट अर्धवट, असे म्हणून पुष्कळांनी मधलेच गुण दिले.

मीही या क्षेत्रातला एक हौशी परीक्षक. खेळाचे नाव, लागलेले तास आणि गुण यांची एक वही मी ठेवतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याबरोबर ‘राजी’ पुरा केला आणि वहीत लिहिले: दहापैकी सहा. भाचा खांद्यावरून डोकावत म्हणाला, “मामा, सहाच का हो? भिंतीवरची चित्रं बघायला तर तुम्हीच मला सारखे थांबवत होता!”

मला उत्तर सुचेना. मी वहीची मागली पाने चाळली. सहा गुण मिळालेले खेळ पुष्कळ होते, पण दोन सहा सारखे नव्हते. एक खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत कोमट. त्यातले काहीच आठवेना. ‘राजी’ मात्र एका बाजूने नऊ गुणांचा, तर दुसऱ्या बाजूने तिनाचा. आकड्याने दोघांना एकाच बाकावर बसवले होते. उत्तम खेळाचे नाव कर्णोपकर्णी होते, टाकाऊ खेळ आपोआप मागे पडतो. परीक्षकाच्या शब्दांची खरी गरज असते ती या मधल्यांना. त्यांचे बळ कशात आणि उणे कशात, हे कोणी सांगितले, तरच पुढचा खेळ सुधारतो आणि घेणाऱ्यालाही आपल्या आवडीचे काय आहे ते कळते.

मी सहाचा आकडा खोडला नाही. लढाईचा कंटाळा मला खरोखरच आला होता. पण त्याखाली अर्धे पान त्या भिंतीवरच्या चित्रांविषयी लिहिले. सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाट पाहत होता. त्या दिवसापासून काठावरच्या प्रत्येक मुलाच्या पेपरावर आकड्याखाली एक ओळ लिहितो. वेळ थोडा अधिक जातो, इतकेच.