पायातील उपमार्ग शस्त्रक्रिया व व्रणोपद्रव

पायाकडे रक्त नेणारी रोहिणी (धमनी) अरुंद होऊन बंद पडली, तर अवरोधाच्या वरचा व खालचा भाग नीलेने अथवा कृत्रिम नळीने जोडून रक्ताला दुसरी वाट करून देतात. या शस्त्रक्रियेस उपमार्ग शस्त्रक्रिया म्हणतात. तिच्यानंतर जांघेतील व पायावरील छेद चिघळणे, उसवणे किंवा त्यांतून रक्त वाहणे यांस व्रणोपद्रव म्हणतात. रक्तप्रवाह सुरू होऊनही पाय गमवावा लागतो, त्याचे एक कारण हे उपद्रव होत.

मधुमेह्यांचे व्रण कष्टाने भरतात, हे सुश्रुतसंहितेत सांगितले असून व्रणोपचाराचे साठ उपक्रमही तीत दिले आहेत. रोहिणीचे मूळ दुखणे मात्र रक्तवाहिन्या शिवण्याची रीत सिद्ध होईपर्यंत शस्त्रवैद्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्या रीतीबद्दल आलेक्सी कारेल यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पॅरिसमध्ये झां क्यूनलिन यांनी १९४८ साली रुग्णाच्याच पायातील नीला काढून मांडीच्या रोहिणीस उपमार्ग जोडला. नीलेतील झडपा प्रवाहाच्या आड येऊ नयेत म्हणून ती बहुधा उलटी बसवितात.

या युक्तीतच पुढील अडचणीचे बीज आहे. नीला काढण्यासाठी बहुधा त्याच रक्तहीन पायावर लांब छेद घ्यावा लागतो आणि त्याच्या कडा काळ्या पडतात. जांघेत लसीकावाहिन्या तुटल्याने पाण्यासारखा स्राव झिरपतो. त्या घडीत ओलावा व जंतू नेहमीचेच. शिवाय प्रवाह पूर्ववत होताच पाय सुजतो व टाके ताणले जातात. अमेरिकन शस्त्रवैद्य सिलाजी यांनी १९७२ मध्ये या संसर्गाच्या तीन पायऱ्या ठरविल्या : त्वचेपुरता, त्वचेखालील ऊतकापर्यंत आणि प्रत्यक्ष नळीपर्यंत पोहोचलेला. पहिल्या दोहोंत सफाई, मलमपट्टी व प्रतिजैव औषधे बहुधा पुरतात. तिसऱ्यात कृत्रिम नळी पुष्कळदा काढून निरोगी ऊतकातून नवा मार्ग न्यावा लागतो. उघडी पडलेली नळी वाचविण्यासाठी मांडीचा स्नायू फिरवून तीवर झाकतात. १९९७ पासून प्रचारात आलेल्या ऋण दाबाच्या पट्टीचाही उपयोग होतो. पण उघड्या रोहिणीवर ती थेट लावणे धोक्याचे असते.

महाराष्ट्रात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे एक आद्य केंद्र परळचे के. ई. एम. रुग्णालय होय. तेथे प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. हृदयारोपण इतिहासात नोंदले जाते. जांघेच्या जखमेची रोजची पट्टी क्वचितच.

ही पट्टी अनेकदा शहराबाहेर बदलली जाते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. अकोल्याचे २००२ चे. अशा शस्त्रक्रियेसाठी अनेकदा मोठे शहर गाठावे लागते. टाके निघण्यापूर्वीच रुग्ण रिसोड वा मानोऱ्याच्या गावी परततो आणि उपद्रव दिसतो तो तेथील ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. कोरड्या रानात अनवाणी काम आणि बिडी-तंबाखू ही येथील रुग्णाची दोन मोठी संकटे. तंबाखू पुन्हा सुरू झाल्यास नवा मार्गही बुजण्याची शक्यता वाढते.

तेथील परिचारिकेला दोन गोष्टी ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. नीला त्वचेलगत नेली असल्यास घट्ट बांधलेली पट्टी प्रवाह थांबवू शकते. जांघेतून अल्पसा रक्तस्राव होऊन थांबला, तरी तो मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकतो. म्हणून रुग्णास तातडीने पुढे पाठवावे लागते आणि स्राव पुन्हा सुरू झाल्यास हाताने थेट दाब धरावा लागतो. नळी नीलेची की कृत्रिम आणि ती कोणत्या वाटेने नेली, ही नोंद घरी परतणाऱ्या रुग्णाच्या कागदावर नसेल, तर ही दक्षता घेणे कठीण होते.