राष्ट्रीय विमानसेवेची वाटचाल

बडोद्याच्या हरणी विमानतळावरून मुंबईस वा दिल्लीस जाणे आज नवलाचे राहिलेले नाही. मात्र या सोयीचा आरंभ प्रवाशांनी नव्हे, टपालाच्या पिशव्यांनी केला.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून एक लहानसे एकइंजिनी विमान टपाल घेऊन उडविले. वाटेत बडोद्याच्या शेजारी, अहमदाबादेस, त्यात पेट्रोल भरले गेले. ते डबे आले होते बैलगाडीतून! तेथून ते मुंबईस जुहू येथे उतरले. 1946 साली टाटा एअरलाइन्सची 'एअर इंडिया' झाली, आणि 8 जून 1948 रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले.

महायुद्धानंतर देशात विमान कंपन्या फार झाल्या, उतारू मात्र थोडे. बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. म्हणून 1953 साली सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेऊन दोन महामंडळे स्थापिली. परदेशांचे मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे, देशातील मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. बडोद्यासारख्या शहराला मुंबई-दिल्लीशी जोडण्याचे काम याच दुसऱ्या महामंडळाने दीर्घकाळ केले.

2007 साली या दोन्ही संस्था एक झाल्या. पुढे कर्जाचा भार असह्य झाला, आणि 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. मालकी पालटली; कर्तव्य पालटते काय? नफा देणाऱ्या महानगरांबरोबरच मध्यम शहरांनाही जी जोडून ठेवते, तीच सेवा राष्ट्रीय म्हणविण्यास पात्र होय.