कळ कोणी दाबायची?

जंगलात फोटो काढायला निघालेल्या नवशिक्याच्या खरेदीचा क्रम ठरलेला असतो. आधी कॅमेरा, मग परवडेल तेवढी लांब लेन्स, मग ट्रायपॉड. रिमोट अगदी शेवटी येतो, तोही दुकानदार ‘असू द्या एक’ म्हणाला म्हणून. वायरवाला घ्यावा, बिनतारी घ्यावा की मोबाइलवरच भागवावं, हे मग किंमत बघून ठरतं. माझं म्हणणं असं की आधी या वस्तूचा इतिहास बघावा. या एवढ्याशा वस्तूच्या मागे सव्वाशे-दीडशे वर्षांची खटपट आहे. कॅमेऱ्यापासून माणसाला लांब कसं जाता येईल याची ती खटपट होती, आणि माणूस लांब गेल्यामुळे दर वेळी जनावराचं भलंच झालं असं नाही.

सुरुवातीला दाबायला कळच नव्हती. १८३९ साली दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली तेव्हा लेन्सवरचं झाकण हातानं काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं, एवढंच काय ते शटर होतं. एवढ्या वेळात स्थिर राहणार ते डोंगर, इमारती आणि मान टेकवून बसवलेली माणसं. उडणारा पक्षी किंवा धावणारं हरीण प्लेटवर उमटण्याचा प्रश्नच नव्हता. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. पुढच्या काही वर्षांत ती सुधारत गेली आणि एक्सपोजर सेकंदाच्या अंशावर आलं. हाताला तेवढी चपळाई जमणं शक्य नव्हतं, म्हणून यांत्रिक शटर आलं. शटरबरोबर नवी अडचणही आली. दाबणाऱ्या बोटाचा धक्का कॅमेऱ्याला बसायचा आणि चित्र हलायचं.

त्यावरचा उपाय म्हणजे रबरी फुगा. मुठीत मावेल एवढा फुगा, त्याला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला शटरमधला बारीक दट्ट्या. फुगा दाबला की हवा नळीतून जायची, दट्ट्या सरकायचा, शटर सुटायचं. फुगा दाबून धरला तर शटर उघडंच राहील अशीही सोय असे. आजच्या कॅमेऱ्याच्या तबकडीवर ‘बी’ हे अक्षर दिसतं, ते या बल्बचं. हात हलू नये म्हणून आलेल्या या नळीचा दुसरा उपयोग लवकरच लक्षात आला. ती लांब केली की माणूस झुडपाआड बसू शकत होता. पण नळी जितकी लांब, तितका हवेचा जोर कमी आणि उशीर जास्त. पक्षी तेवढा वेळ थांबेलच याची खात्री नसे.

माणसाला पूर्णच वगळण्याचा मार्ग मात्र आधीच सापडला होता. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडी दौडत आली, एकेक दोरा तिच्या धक्क्यानं ओढला गेला, विजेचं मंडल पूर्ण झालं आणि एकेक शटर सुटलं. दौडताना चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे त्या चित्रांनी दाखवलं. पुढे जंगलात जे घडलं त्याचं बीज याच दोऱ्यात आहे. ज्याचं चित्र काढायचं, त्यानंच कळ दाबायची.

इंग्लंडमध्ये दरम्यान पक्ष्यांच्या मागे लागलेली माणसं तयार होत होती. रिचर्ड आणि चेरी कर्टन या यॉर्कशरच्या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचं छायाचित्र घेतलं आणि पुढे निव्वळ छायाचित्रांवर उभी असलेली पक्ष्यांची पुस्तकं काढली. १८९५ मध्ये रेजिनाल्ड लॉज यांना अंड्यांवर बसलेल्या टिटवीच्या छायाचित्रासाठी रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं पदक मिळालं. कर्टन बंधूंनी तर बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह बसण्याचा उद्योग केला. लपून बसणं आणि लांबून कळ दाबणं, या दोन वाटा तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

रात्रीची वाट जॉर्ज शायरस यांनी उघडली. ते पेशानं वकील होते आणि काही काळ अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये सदस्यही होते. मिशिगनमधल्या व्हाइटफिश तळ्याकाठी ते शिकार शिकले. होडीच्या पुढच्या टोकाला कंदील ठेवायचा, उजेडात हरणाचे डोळे चमकले की नेम धरायचा, अशी तिथली पद्धत. शायरस यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि मॅग्नेशियमची पूड आणली. नंतर होडीही सोडली आणि वाटेवर तार ताणून कॅमेरे लावले. हरणानं तार ओढली की पूड पेटायची आणि प्लेटवर चित्र उमटायचं. जुलै १९०६ च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये त्यांची ७४ छायाचित्रं छापून आली. एवढ्या रानटी जनावरांची रात्रीची दुनिया वाचकांनी पहिल्यांदाच पाहिली.

पण जवळपास त्याच काळात पूर्व आफ्रिकेत कार्ल गेओर्ग शिलिंग्स हेच तंत्र वापरत होते ते निराळ्या रीतीनं. सिंहाला कॅमेऱ्यासमोर आणण्यासाठी ते गाढवं बांधून ठेवत. त्यांच्या पुस्तकाच्या नावात फ्लॅशच्या जोडीला बंदूकही आहे. माणूस तारेच्या मागे लपला म्हणजे तो आपोआप सभ्य होतो असं नाही, हे इतिहासानं इथे पहिल्यांदा बजावलं.

भारतात हे तंत्र रुजवलं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, ते वनाधिकारी होते. शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात ते दिवसभर ठसे बघत वाघाचा नेहमीचा रस्ता नक्की करायचे आणि संध्याकाळी त्या वाटेवर आडवी तार ताणायचे. अंधारात वाघाचा पाय तारेला लागला की लख्ख भडका व्हायचा. एकदा पूड पेटली की त्या रात्रीचं काम संपलं, कारण पूड भरायला आणि प्लेट बदलायला पुन्हा माणूसच यायला हवा. घुबड, सायाळ किंवा वाट चुकलेलं गुरू आधी आलं तर वाघ मागून येऊनही उपयोग नसे. १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये इलस्ट्रेटेड लंडन न्यूजनं त्यांची वाघांची चित्रं पहिल्या पानावर घेतली आणि १९२७ मध्ये त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ आलं. जिम कॉर्बेट कॅमेऱ्याकडे वळले त्यामागेही चॅम्पियन यांची चित्रं होती.

चॅम्पियन यांचा मोठेपणा निव्वळ चित्रांत नाही. रात्रीमागून रात्री जमलेल्या प्लेटा शेजारी ठेवून पाहताना त्यांनी हेरलं की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून एकेक वाघ ओळखता येतो. वाघाच्या पायानं दाबलेल्या कळीतून वाघाची ओळखपरेड निघाली. तिचं मोल जगाला कळायला मात्र आणखी सत्तर वर्षं जावी लागली.

तारेच्या या गोष्टीच्या शेजारी एक दुसरी, साधी तार वाढत होती. १८९६ मध्ये अर्नेस्ट बाउडन यांनी लवचीक नळीतून सरकणाऱ्या तारेचं पेटंट घेतलं. सायकलच्या ब्रेकची म्हणून आपण जी वायर ओळखतो, तीच ही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कॅमेऱ्यावर आली आणि तिनं रबरी फुग्याला निवृत्त केलं. जुनी केबल रिलीज हातात घेऊन बघा. वर कापडाचं किंवा प्लास्टिकचं वेष्टण, आत तारेचं घट्ट वेटोळं, त्याच्याही आत सरकणारी पोलादी तार. एका टोकाला अंगठ्यानं दाबायचं बटण आणि ते दाबलेलंच राहावं म्हणून छोटा स्क्रू, दुसऱ्या टोकाला निमुळते आटे. ते आटे शटरच्या बटणात फिरवून बसवायचे. तिला सेल लागत नाही, पावसाचं भय नाही. दट्ट्या शटरवर टेकलेला अंगठ्याला जाणवतो. पण ती हातभरापुढे फारशी जात नाही. कॅमेरा हलू न देणं हे तिचं काम, आणि ते ती आजही चोख करते.

माणूस खऱ्या अर्थानं लांब गेला तो मोटरमुळे. १९५९ मध्ये निकॉन एफ हा कॅमेरा आला आणि त्याला मोटर जोडता येऊ लागली. तोवर लांबून एक फोटो काढला की फिल्म पुढे सरकवायला उठून जावं लागे, आणि उठलं की सगळं जंगल सावध. आता विजेच्या वायरीवरून एकामागून एक ३६ फोटो काढता येऊ लागले. सत्तरच्या दशकात निकॉननं वायरही काढून टाकली आणि इन्फ्रारेड किरणांवर चालणारं मॉड्युलाइट आणलं. किरणांना मात्र समोरासमोर मोकळी वाट लागते आणि भर उन्हात त्यांचा पल्ला आखडतो. रेडिओ लहरींनी ती अट सोडवली, त्या झुडपाआडूनही पोचतात. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी याच काळात प्रकाशाच्या किरणाला शटर जोडलं आणि किरण छेदणाऱ्या कीटकांना उडतानाच पकडलं. १९७५ च्या ‘बोर्न ऑन द विंड’मधली ती चित्रं पाहिली की मायब्रिजचा दोरा किती तलम झाला होता ते कळतं.

हीच तलम तार भारतीय जंगलात मोजणीसाठी आली. आपल्याकडे वर्षानुवर्षं वाघ मोजले जात ते पायांच्या ठशांवरून. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी नागरहोळेच्या जंगलात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावले. दोन अशासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आलेल्या चित्रांत जुने ओळखीचे वाघ किती आणि नवे किती, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत. १९९५ मध्ये त्यांनी ती शोधनिबंधात मांडली. २००५ मध्ये सरिस्काच्या जंगलात वाघच उरले नसल्याचं उघड झालं, जुन्या मोजणीवरचा विश्वास उडाला आणि कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावरानंच कळ दाबायचा हा कॅमेरा, राष्ट्रीय गणनेचा भाग झाला. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रं जमली, त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती.

मराठी मुलखात या वंशावळीचं सर्वांत देखणं फळ मुंबईत आलं. छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरेमधल्या वारली वस्तीत, घरांमधल्या बोळात कॅमेरा लावला. फ्लॅश असे बेतले की बोळातला रोजचा उजेडच वाटावा. बिबट्या चौकट भरून टाकणार नाही, बोळ आणि घरं दिसत राहतील अशी जागा निवडली. चार महिन्यांनी बिबट्या त्या बोळातून गेला आणि त्यानंच कळ दाबली. २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार त्या चित्राला मिळाला. शायरस यांच्या काळातला स्फोट आणि बोळातला हा मवाळ उजेड, यांच्यात शंभर वर्षांचं शहाणपण आहे.

याच स्पर्धेनं उलट बाजूही दाखवली. २००९ मध्ये फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेही सेन्सरनं टिपलेलं. काही महिन्यांत परीक्षकांच्या लक्षात आलं की लांडगा बहुधा पाळीव, शिकवलेला होता, आणि पुरस्कार काढून घेतला गेला. सेन्सरनं आपलं काम बिनचूक केलं होतं. प्रश्न त्याच्यासमोर काय आणून उभं केलं याचा होता.

आता खरेदीकडे येऊ. सफारीच्या जिप्सीतून फोटो काढणार असाल तर रिमोट लागतच नाही. हलत्या वाघामागे लेन्स फिरवायची तर हात कॅमेऱ्यावरच हवा. ट्रायपॉडवरून संधिप्रकाशात घुबड, पाणवठा किंवा फुलावरचा कीटक टिपणार असाल तर पहिला रिमोट वायरवाला घ्या. त्यातल्या दोन संपर्कांपैकी एक फोकससाठी, दुसरा शटरसाठी, म्हणून अर्धं बटण आणि पूर्ण बटण हा फरक बोटाला कळतो. वायरवाल्याला वेगळा सेल लागत नाही आणि संकेत चुकत नाही. घेताना आपल्या कॅमेऱ्याचं सॉकेट तपासा, ते कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं.

पाणवठ्यावर कॅमेरा ठेवून लांब लपणात बसणार असाल तर रेडिओ घ्या. इन्फ्रारेडला पल्ला कमी, आणि मोबाइलचं वाय-फाय दोन्हीकडची बॅटरी खातं. फोकस आधीच हातानं बसवून कुलूपबंद करा, नाहीतर जनावर येताच लेन्स समोरच्या गवतावर जाईल. आरशाचा कॅमेरा असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, तिथून शिरणारा उजेड मीटरला फसवतो. शक्य असेल तिथे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरा.

सेन्सर सर्वांत शेवटी, आणि तोही वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलात नाही. अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर विदर्भाच्या मे महिन्यात दुपारी चकतो, कारण जमीनही अंगाइतकीच तापलेली असते. किरण छेदला की चालणारा सेन्सर पावसात आणि वाऱ्यानं हलणाऱ्या फांदीनं वेडावतो. दोन्ही लावायचे तर जनावराची वाट, उंची आणि वेळ माहीत हवी. हा अभ्यास चॅम्पियन यांना चुकला नव्हता, आपल्यालाही चुकणार नाही.

एक जागा मात्र कुठल्याच रिमोटसाठी नाही, ती म्हणजे घरटं. माणूस दूर असला तरी समोर उभा केलेला ट्रायपॉड पाहून आईबाप परतायचे थांबतात, अंडी उन्हात तापतात किंवा गारठतात, आणि आपली ये-जा बघून कावळ्यांना पत्ता लागतो. म्हणूनच पक्षिमित्रांचे अनेक गट घरट्यांची छायाचित्रं स्वीकारत नाहीत.

रबरी फुग्यापासून सेन्सरपर्यंत प्रत्येक सुधारणेनं माणसाचं अंतर वाढवलं. जबाबदारीचं अंतर वाढवायची मुभा मात्र कुठल्याच सुधारणेनं दिलेली नाही. कळ वाघानं दाबली तरी तार कुठे ताणायची हे माणूसच ठरवतो. म्हणून रिमोट निवडताना पल्ला, किंमत आणि कंपनी नंतर बघा. आपण तिथे कॅमेरा ठेवल्यानं जनावराची चाल बदलणार आहे का, हे आधी बघा. बदलणार असेल, तर त्या दिवशी कुठलाच रिमोट बरोबर नाही.