वाकोल्याची खोली

भिवंडीहून वाकोला कांहीं फार दूर नाहीं. पण तेथल्या एका खोलीची हकीकत आमच्या यंत्रमागांच्या खडखडाटांत कोणाच्या कानीं आली नाहीं. 1860 च्या दंडसंहितेंतील 377व्या कलमानें पुरुषापुरुषांतील संबंध गुन्हा ठरला. 1990 सालीं अशोक राव कवी यांनीं मुंबईंत ‘बॉम्बे दोस्त’ हें नियतकालिक काढलें, 1994 सालीं ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापिला, आणि मुंबई महानगरपालिकेनें वाकोल्याच्या आपल्या इमारतींत त्यास जागा दिली. कलम तसेंच होतें, बरें का! सरकारी कायदा ज्यांस गुन्हेगार म्हणे, त्यांस पालिकेनें बसावयास छप्पर दिलें.

पुढें आमच्याच ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी सर्वोच्च न्यायालयांत पक्षकार झाल्या. 2014 सालीं तृतीयपंथीयांस स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मिळाला. 6 सप्टेंबर 2018 रोजीं प्रौढांच्या परस्परसंमतीपुरतें तें कलमही निकालांत निघालें.

माझ्या वर्गांत एक मुलगा चालण्याच्या ढबीवरून चिडविला जाई. वर्ग गप्प करण्यासाठीं मी छडी आपटीत असें; चिडविणारांस उभें करून कधीं विचारलें नाहीं. दहावीपूर्वींच त्यानें शाळा सोडली. ती खोली तेव्हां उघडलेली होती. मला तिचा पत्ता ठाऊक नव्हता. असता, तरी मीं तो त्याच्या हातीं दिला असता कीं नाहीं, कोण जाणे.